ताई, त्या एका प्रश्नाबद्दल

प्रिय ताई,

प्रबंधातल्या ऋणनिर्देशात तुमचं नाव एका ओळीत उरकलंय. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षीची माझी ऐट आठवते ना? ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या कर्करोगाच्या, पेशी वाढवायच्या आणि त्यांनी मीडियात, म्हणजे वाढीच्या पोषक द्रवात, सोडलेल्या पुटिका (पटलाच्या अतिसूक्ष्म पिशव्या) वेगळ्या करायच्या. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने फिरवायचं, मग २,०००, मग १०,०००. पेशी, कचरा, मोठ्या पुटिका पायरीपायरीने खाली बसतात. शेवटी अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जीला ७० मिनिटं. कणमोजणीच्या आलेखावर १२० नॅनोमीटरच्या आसपास देखणं शिखर आलं आणि मी तुमच्याकडे धावले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलंत, "पेशी न टाकलेला मीडिया फिरवलास का?"

नव्हता फिरवला. फिरवला तर तेच शिखर, जवळपास तेवढंच उंच. ट्यूमरच्या म्हणून मी गाईच्या पुटिका मोजत होते! मीडियातल्या फीटल बोवाइन सीरममध्ये, म्हणजे गाईच्या गर्भाच्या रक्तद्रवात, त्या मुळातच भरपूर असतात. कुठेतरी वाचलंही होतं, पण शिखर इतकं छान होतं की आठवायचं कशाला.

तुम्ही रागावला नाहीत. सीरम आधी रात्रभर, १८ तास, १,००,००० जीला फिरवून घ्यायचं, हे शेजारी उभं राहून करून घेतलंत. आणि तो मार्करचा ठिपका! गाळ डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तो जिथे बसणार त्या बाहेरच्या भिंतीवर आधीच खूण करायची आणि वरचं द्रव काढताना ठिपका वर ठेवून नळी तिरकी धरायची. एकाही प्रोटोकॉलमध्ये मला हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

पुढे ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं ओळखायच्या चाचणीत, पुटिकांची खूण असलेल्या सीडी६३, सीडी८१ या प्रथिनांच्या पट्ट्या आल्या. पेशीच्या आतच राहणारं कॅल्नेक्सिन हे प्रथिन पेशींच्या रांगेत ठळक, पुटिकांच्या रांगेत काहीच नाही, म्हणजे पेशींचा कचरा मिसळलेला नाही. कोरी जागा बघून नाचणारी मी बहुधा पहिलीच.

२००८ च्या एका अभ्यासात ग्लायोब्लास्टोमाच्या २५ पैकी ७ रुग्णांच्या रक्तातल्या पुटिकांमध्ये ट्यूमरचा ईजीएफआर-व्ही-थ्री (एका जनुकाचं ट्यूमरमधलं बदललेलं रूप) आरएनए सापडला होता. तो वाचूनच मी या कामात पडले. त्यावरही तुमचा प्रश्न तयार होता: "रक्तात तर सगळ्याच पेशींच्या पुटिका. तिथे पेशीविना मीडिया कुठून आणशील?" त्याचं उत्तर अजून शोधतेय.

तुमचा काळा मार्कर माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. सोमवारी आणून देते.

तुमची,
शेजारच्या बाकावरची