कण सापडत नाही म्हणतोस, म्हणून

ठाणे, रविवार

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

"जो कण कशालाच अडत नाही, तो पकडायला थेनीचा डोंगर पोखरायचा, हे कुठलं शहाणपण?" असं तू लिहिलंयस. म्हणजे न्यूट्रिनो, आणि त्याच्यासाठी तमिळनाडूतल्या थेनीत व्हायची होती ती भूमिगत प्रयोगशाळा. फोनवर म्हणाला असतास तर भांडलो असतो. पत्रात विचारलंस, तर आता पत्रच वाच.

तू जन्मभर लेखापरीक्षण केलंस, म्हणून हिशेबापासूनच सुरू करतो. न्यूट्रिनो आधी कोणाला दिसला आणि मग मांडला गेला, असं झालेलं नाही. खतावणीत तूट येत होती, ती भरायला तो आला. बीटा ऱ्हासात अणुकेंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. त्याच्याकडे दर वेळी तेवढीच ऊर्जा असायला हवी, पण ती कधी थोडी, कधी बरीच कमी भरायची. उरलेली गेली कुठे? नील्स बोर यांच्यासारखा माणूस ऊर्जा अक्षय्यतेचा नियमच सोडायला निघाला होता. म्हणजे ताळेबंद जुळलाच पाहिजे असं काही नाही! वुल्फगांग पाउली यांना ते पटेना. 4 डिसेंबर 1930 ला त्यांनी जर्मनीत ट्यूबिंगेनला जमलेल्या शास्त्रज्ञांना 'प्रिय किरणोत्सारी स्त्रीपुरुषहो' असा मायना घालून पत्र पाठवलं: विद्युतभार नसलेला, अगदी हलका असा एखादा कण ही ऊर्जा घेऊन जात असावा. स्वतः का गेले नाहीत? झुरिकमध्ये नाचाचा कार्यक्रम होता. मला हे फार आवडतं.

कण प्रत्यक्ष हाती लागायला 1956 उजाडलं. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर अणुभट्टीजवळ फ्रेडरिक राइनस आणि क्लाइड कॉवन यांनी तो पकडला. सूर्याकडून येणारे असे सुमारे 6,500 कोटी कण दर सेकंदाला तुझ्या एका नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. तुला कळत नाही, कारण त्यांना तुझ्याशी देणंघेणंच नाही. म्हणूनच यंत्रं खाणीत न्यावी लागतात. जमिनीवर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा इतका गोंगाट असतो की त्यात हा एखादा क्वचित अडलेला कण ओळखूच येत नाही. वरचा खडक तो गोंगाट गाळून टाकतो.

आणि या कामात आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, हात आहे, हे तुला माहीत नसणार. त्यांचे लोक कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरून, खोल जावं तसे म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांतून तयार होणारे कण, किती कमी होतात ते मोजत होते. सगळ्यात खालच्या ठिकाणी दोन महिने यंत्र ठेवलं, एकही म्युऑन आला नाही. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून गाशा गुंडाळला असता. यांनी ओळखलं की न्यूट्रिनोची वाट पाहायला इतकी शांत जागा दुसरी नाही. 1965 मध्ये एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन आणि मंडळींनी, ओसाका आणि डरॅम इथल्या विद्यापीठांच्या साथीने, तिथे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण टिपली. जवळजवळ त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत राइनस यांच्या गटालाही ती मिळाली. कोलारची ती खाण 2001 मध्ये बंद झाली.

आता दुसरी तूट, आणि ही जास्त मजेची. साउथ डकोटातल्या होमस्टेक खाणीत रे डेव्हिस यांनी ड्रायक्लीनिंगला वापरतात ते द्रव्य टाकीत भरलं, सुमारे 3 लाख 80 हजार लिटर. सूर्याकडून आलेल्या न्यूट्रिनोने त्यातल्या क्लोरिनचा आर्गॉन केला की ते मोजके अणू गाळून काढायचे. सूर्यातून किती न्यूट्रिनो यावेत, याचं गणित जॉन बाकॉल यांनी मांडलं होतं; त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा कण हाती येत. वर्षानुवर्षं हेच. कोणी म्हणे डेव्हिसचं मोजमाप चुकलं, कोणी म्हणे सूर्याचं गणित चुकलं. दोन्ही बरोबर होतं! न्यूट्रिनोचे तीन प्रकार असतात, वाटेत ते एकातून दुसऱ्यात बदलतात, आणि डेव्हिसच्या टाकीला त्यातला एकच ओळखता येई. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत प्रयोगाने 1998 मध्ये आणि कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने 2001-02 मध्ये हे पक्कं केलं.

पण बदलायचं तर वस्तुमान हवं, आणि कणभौतिकीच्या प्रमाण प्रतिकृतीत (स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकण कसे वागतात ते सांगणारा सिद्धान्त) न्यूट्रिनोला वस्तुमान शून्य धरलेलं. इतर सगळ्या कसोट्यांना उतरलेली ती इमारत प्रयोगशाळेत उघडउघड अपुरी ठरली, ती इथे. 'हे कुठलं शहाणपण' याला माझं उत्तर एवढंच.

राहता राहिलं थेनी. तीन वस्तुमानांचा चढता क्रम कसा, हे तिथे पन्नास हजार टन चुंबकित लोखंडाने तपासायचं होतं. पश्चिम घाटाची काळजी करणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. पण न्यूट्रिनोने शेतं जळतील, ही भीती मात्र निव्वळ अफवा. तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला आणि काम अडलं ते अडलंच. त्याच प्रश्नासाठी चीनने ग्वांगडोंगमध्ये जमिनीखाली 700 मीटरवर वीस हजार टन द्रव भरून 2025 च्या ऑगस्टमध्ये मोजणी सुरू केली. मला त्याचं वाईट वाटतं, आणि तुझ्या पत्राचा राग आला तो बहुधा म्हणूनच.

दिवाळीनंतर पुण्याला येतोय, उरलेलं भांडण तेव्हा करू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अवधूत