कोस्टा रिकाच्या सात दिवसांत किलोमीटर नका मोजू, तास मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला कोस्टा रिकावरचा लेख वाचला आणि गप्प बसवेना म्हणून लिहायला घेतलं. लेखात सात दिवसांत तोर्तुगेरो, ला फोर्तुना, रिओ सेलेस्ते, मोन्तेवेर्दे आणि शेवटी मानुएल अंतोनियोचा बीच असं सगळं कोंबलंय, आणि वर म्हटलंय की देश एवढासा तर आहे, कुठूनही कुठेही पटकन पोचता येतं. देश एवढासा आहे हे खरं, 51 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, पण देशाच्या मधोमध आडवी डोंगररांग पडलीये आणि जायचं ते तिच्यावरून. मी, बायको, मेहुणा आणि त्याची मुलगी असे चौघं मागच्या डिसेंबरच्या सुरुवातीला अगदी हाच प्लॅन घेऊन गेलो होतो, आणि आठवड्यातले निदान दोन दिवस गाडीच्या काचेला नाक लावून घालवले, त्यामुळे ही तक्रार कमी आणि पुढे जाणाऱ्यांची काळजी जास्त आहे असं समजा.

आमचं काय झालं ते सांगतो. बुधवारी रात्री सान होसेला उतरलो, म्हणजे एअरपोर्ट खरं तर शेजारच्या आलाहुएला गावात आहे, आणि गुरुवारी सकाळी तोर्तुगेरोकडे निघालो. तिथे रस्ता जातच नाही, एक तर छोटं विमान नाही तर ला पावोना नावाच्या धक्क्यावर गाडी लावून तासभर बोट. धक्क्यापर्यंत तीन तास धरले होते, पण कॅरिबियन किनाऱ्याकडे जाणारा रूट 32 हा ब्राउलियो कारियोच्या जंगलातून घाट उतरतो, पाऊस झाला की दरडी येतात, आणि लिमोनच्या बंदराकडे जाणारे सगळे कंटेनर याच रस्त्याने. दोन तास आम्ही एका कंटेनरच्या मागच्या दारावरचे नंबर पाठ करत बसलो. पोचलो तर कळलं की ज्या हिरव्या कासवांसाठी तोर्तुगेरो जगात प्रसिद्ध आहे ती अंडी घालायला साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतात. आम्ही डिसेंबरात! लेखात कासवांचा मोठा फोटो छापलाय, महिना कुठेच नाही. कालव्यातली पहाटेची बोट छानच होती, माकडं, बगळे, एक केमन, म्हणजे छोटी मगरच, बघितला, नाही म्हणत नाही, पण त्या दोन तासांसाठी जाऊन-येऊन दीड दिवस गेला.

मग शुक्रवारी बोट, गाडी, संध्याकाळी आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याचं ला फोर्तुना. शनिवार तिथे. रविवारी मोन्तेवेर्दे, सोमवारी मानुएल अंतोनियो, आणि मंगळवारी सकाळी नॅशनल पार्क बघून बुधवारी फ्लाइट. सोमवारी रात्री हॉटेलवाल्याला विचारलं उद्या पार्कला किती वाजता निघू, तर तो इतक्या प्रेमाने हसला की मला तेव्हाच शंका आली. पार्क मंगळवारी बंद असतं. दर मंगळवारी. तिकिटंही गेटवर मिळत नाहीत, आधी ऑनलाइन काढावी लागतात, आणि काढायला गेलो असतो तर तेव्हाच कळलं असतं, पण आम्हाला वाटलं जाऊन बघू. ज्या पार्कसाठी पाच तास गाडी हाकली त्याचं नुसतं कुंपण बघून आलो. बाहेरचा बीच सगळ्यांना खुला आहे तिथे मंगळवार काढला, आणि तिथल्या पांढऱ्या तोंडाच्या माकडाने मेहुण्याच्या पिशवीतली बिस्किटं पळवली, तेवढीच काय ती वाइल्डलाइफ.

आता लेखातल्या दोन गोष्टी मात्र सरळ चुकीच्या आहेत, त्या दुरुस्त करून छापा ही विनंती. पहिली, आरेनाल ज्वालामुखी ‘चढून’ पहाटेचा सूर्योदय बघा असं लिहिलंय. आरेनालवर चढायला बंदी आहे! 29 जुलै 1968 ला तो शेकडो वर्षांच्या झोपेतून उठला आणि तबाकोन, पुएब्लो नुएवो ही गावं गाडली गेली, ऐंशीच्या वर माणसं गेली, आणि त्यानंतर 2010 पर्यंत तो धुमसतच होता. आता शांत आहे, तरी कोणी वर सोडत नाही. चालायचं ते पायथ्याशी, थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या धोंड्यांवरून, आणि तेही मस्त आहे, एका बाजूला डोंगराचा शंकू (ढग हटले तर), दुसऱ्या बाजूला आरेनालचा तलाव. दुसरी चूक, रिओ सेलेस्ते नदीच्या निळ्या पाण्यात डुंबा. तिचा धबधबा तेनोरिओ नॅशनल पार्कात आहे आणि पार्काच्या आत पाण्यात उतरायला मनाई आहे, नुसतं बघायचं. निळा रंगही कुणी पाण्यात काही टाकल्याने किंवा आत काही विरघळल्याने आलेला नाही, दोन बिनरंगाचे ओढे एका जागी मिळतात, आणि तिथून पाण्यात तरंगणाऱ्या अगदी बारीक खनिजकणांचा आकार असा होतो की उन्हातला निळाच काय तो विखुरतो. ओढे मिळतात त्या जागेवर पाण्यात चक्क रेघ दिसते म्हणतात, अलीकडे पारदर्शक, पलीकडे निळं. म्हणतात म्हणायचं कारण आदल्या रात्री धो धो पाऊस झाला आणि आम्ही जायच्या दिवशी पाणी चहासारखं आहे असं आम्हाला तिथल्याच माणसाने सांगून वाचवलं, त्याचे उपकार.

पावसाबद्दलही लेखात एक ओळ आहे, डिसेंबर ते एप्रिल कोरडा. हे पॅसिफिकच्या बाजूला बरंचसं खरं, कॅरिबियन बाजूला अजिबात नाही, तिकडे उलट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जरा उघडीप असते. आणि आरेनालचा भाग दोन्हीच्या मध्ये लटकलेला, डिसेंबरात आम्हाला तिथे दोन्ही दिवस पाऊस. मोन्तेवेर्देला पाऊस नव्हता तर वारा, असला वारा की छत्री उघडली आणि दुसऱ्या सेकंदाला तिची फुलदाणी झाली. तिथले लोक पावसाळ्याला हिवाळा आणि कोरड्या दिवसांना उन्हाळा म्हणतात हेही आम्हाला उशिरा कळलं, गाइड म्हणाला अजून हिवाळा संपला नाही आणि बायको स्वेटर शोधत बसली.

बरं, मग करायचं काय. माझं म्हणणं एवढंच आहे की आठवड्यात राहायला दोनच जागा धरा. पहिली रात्र एअरपोर्टजवळ, कारण तिथे वर्षभर दिवस साधारण बारा तासांचाच, डिसेंबरात तर साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, आणि अंधारात, पावसात, एकाच गाडीपुरत्या पुलांवर अनोळखी घाटात गाडी घालणं हा शहाणपणा नाही. मग तीन रात्री ला फोर्तुना, तीन रात्री मोन्तेवेर्दे. या दोन गावांमध्ये सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर असतील, पण मध्ये तलाव आणि डोंगर, त्यामुळे रस्त्याने शंभरच्या वर किलोमीटर आणि तीन-साडेतीन तास. त्याऐवजी व्हॅन-बोट-व्हॅन अशी सोय आहे, एक व्हॅन तलावापर्यंत सोडते, बोट पलीकडे नेते, दुसरी व्हॅन वर चढवते. वेळ फार वाचतो असं नाही पण गाडी चालवायला लागत नाही आणि बोटीतून ज्वालामुखी दिसतो. आम्ही भाड्याच्या गाडीच्या नादात हे सोडलं. गाडीचं म्हणाल तर ऑनलाइन दाखवलेला भाव आणि काउंटरवरचं बिल यात दुपटीहून जास्त फरक निघाला, कारण सक्तीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स त्या भावात धरलेलाच नव्हता. भाची अमेरिकेत शिकते, उजव्या बाजूने चालवायची तिला सवय, म्हणून निभावलं.

ला फोर्तुनाला तीन दिवस असतील तर काय काय होतं बघा. एक दिवस लाव्हावरची पायवाट आणि संध्याकाळी गरम पाण्यात पाय, तबाकोन नदीचं पाणीच कढत आहे, महागड्या रिसॉर्टच्या बाजूलाच रस्त्याकडेला फुकटात बसायची जागा आहे, गावातली पोरंटोरं तिथेच असतात. एक दिवस राफ्टिंग, रिओ बाल्सा नदी नवख्यांना झेपते, ज्यांना खरंच हिंमत आहे त्यांनी तुरियाल्बाकडची पाकुआरे करावी पण ती या प्लॅनमध्ये बसवू नये. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पोहता जेमतेम येतं, तरी राफ्टमध्ये बसलो, गाइड ‘आदेलांते’ ओरडला की वल्हं मारायचं आणि ‘आल्तो’ म्हटलं की थांबायचं, पहिली दहा मिनिटं मी नेमकं उलटं करत होतो आणि भाचीने हेल्मेटवर वल्हं आपटून सांगितलं मामा फक्त धरून बस. आणि एक दिवस धबधबा, सत्तर मीटरचा आहे, खाली उतरायला पाचशेच्या आसपास पायऱ्या, उतरताना मजा, चढताना मेहुण्याने प्रत्येक वळणावर ‘फोटो काढतो’ म्हणून थांबायचं निमित्त केलं, एकही फोटो निघाला नाही.

मोन्तेवेर्देला एक दिवस देणं म्हणजे त्या जागेचा अपमान आहे आणि तो आम्ही केला. 1951 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामातून क्वेकर या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबं इथे येऊन राहिली, युद्धाला आणि लष्करभरतीला विरोध करणारी माणसं, आणि कोस्टा रिकाने 1948 मध्येच सैन्य बरखास्त केलं होतं म्हणून हाच देश निवडला. गाई पाळल्या, चीज केलं, आणि गावाला लागणाऱ्या पाण्याचे झरे आटू नयेत म्हणून वरचं जंगल तोडायचं नाही असं ठरवलं. आज सगळं जग जे बघायला येतं ते त्यातूनच वाढलेलं. जंगल ढगातच असतं, झाडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर ऑर्किड, आणि पाऊस नसतानाही सगळं टपटपत असतं. झुलत्या पुलावर मधोमध उभं राहिलं की खाली झाडांचे शेंडे आणि पुढचं टोक ढगात गायब. झिपलाइन ज्यांना करायची त्यांनी करावी, पण रात्रीचा वॉक सोडू नका, आमच्या गाइडने टॉर्च एका पानाखाली धरला आणि नखाएवढा बेडूक, त्याच्या गळ्याची पिशवी फुगतेय हे दिसलं, आम्ही चौघं पाच मिनिटं काही बोललो नाही, आमच्या कुटुंबात हा रेकॉर्ड आहे.

आणि गाइड घ्याच, पैसे वाचवू नका. ला फोर्तुनाला आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी दोन तासात एक खार बघितली, गाइडने टेलिस्कोप लावून पहिल्या पंधरा मिनिटात स्लॉथ, म्हणजे झाडाला लटकून राहणारा तो सुस्त प्राणी, दाखवला, ग्वारुमोच्या झाडावर, मळक्या पायपुसण्यासारखा. तीन बोटांचा स्लॉथ म्हणे साधारण आठवड्यातून एकदाच शौचाला खाली उतरतो. आठवड्याचा प्लॅन कसा करावा हे त्याला विचारायला हवं होतं.

किरकोळ चार गोष्टी. पत्ते रस्त्याच्या नावाने सांगत नाहीत, चर्चपासून दोनशे मीटर उत्तरेला आणि पन्नास पश्चिमेला असे सांगतात, आणि शंभर मीटर म्हणजे एक चौक, मग तो कितीही असो. सान होसेत तर एक मोठं फायकसचं झाड कधीच नाहीसं झालं तरी पत्ते अजून ‘जुन्या झाडापासून’ सांगतात, हे वाचून मला फार बरं वाटलं. जेवायला ‘सोदा’ म्हणजे साधी खानावळ शोधा, ‘कासादो’ मागा, भात, काळा घेवडा, कोशिंबीर, तळलेलं केळं येतं. शाकाहारी असाल तर नुसतं मांस नको म्हणू नका, चिकन नको आणि मासे नको हे वेगवेगळं सांगा, बायकोच्या ताटात पहिल्या दिवशी ‘मांस नसलेलं’ चिकन आलं होतं. डॉलर चालतात पण सुट्टे कोलोनमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, परत मिळतात आणि भाव दुकानदाराचा, म्हणून थोडे कोलोन जवळ ठेवा. जेवणाच्या बिलातच दहा टक्के सर्व्हिस धरलेली असते, मेहुण्याने दोन दिवस वर आणखी टिप दिली. व्हिसाचे नियम निघण्याआधी त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीकडून तपासा, आणि विमान अमेरिकेतून जाणार असेल तर अमेरिकेचा व्हिसा नुसतं विमान बदलायलासुद्धा लागतो हे विसरू नका.

समुद्र पाहिजेच असं मेहुण्याचं अजून म्हणणं आहे. त्याला मी सांगितलं, मग मोन्तेवेर्दे किंवा ला फोर्तुना यातलं एक सोड आणि उत्तरेकडच्या लिबेरिया एअरपोर्टला उतर, ग्वानाकास्तेचे बीच तिथून जवळ पडतात. तो म्हणतो नाही, मानुएल अंतोनियोचंच पार्क बघायचंय, राहिलंय ते. फेब्रुवारीत परत निघालाय, प्लॅन मला पाठवला होता, ठिकाणं दोनच धरलीयेत हे बघून बरं वाटलं, मग तारखा कॅलेंडरशी लावून बघितल्या तर पार्कचा दिवस पुन्हा मंगळवारचाच निघाला. फोन केलाय.

आपला,
एक नियमित वाचक