उंदराचं औषध

डोंबिवली,
२० ऑगस्ट, रात्रीचे साडेदहा

प्रिय बाळ्या,

चार महिने झाले. तुझे दोन मेल येऊन पडलेत, एकालाही उत्तर नाही. काय त्या शिव्या एकदाच घाल आणि मोकळा हो. इकडे सगळे बरे. शुगर गोळीवर आहे, गुडघा जिन्यावर बोंबलतो, आई ऐंशीची होऊन आम्हा सगळ्यांत ठणठणीत.

लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं. माझ्या डाव्या बाहीत आत्ता एक उंदीर झोपलाय, आणि हे मी तुझ्याशिवाय कुणाला लिहू? हसू नको. म्हणजे हस, पण पुढे वाच.

ऋतूच्या ठमी आणि चिंगीचे फोटो तुला पाठवले होते. उंदीर एकटा पडला की झुरतो म्हणून जोडीच आणायची असते, असं तिने तेव्हा सांगितलं. मला तो दोन आणायचा बहाणा वाटला होता. मग ती गेली जर्मनीला आणि पिंजरा राहिला इथे. "बाबा, दोन-तीन वर्षांचं तर आयुष्य असतं त्यांचं, सांभाळ ना." चिंगी होळीच्या आधी गेली. ठमी आता सव्वादोन वर्षांची आहे. उंदरांच्या हिशोबात आईच्या वयाची म्हण, पण आईची तब्येत नाही.

जूनमध्ये पावसाला सुरुवात झाली आणि हिच्या नाकाडोळ्यांतून लाल यायला लागलं. सुनीताने अशी किंकाळी फोडली की समोरच्या नेन्यांचं दार उघडलं. नंतर कळलं, ते रक्त नव्हेच. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचा लाल पदार्थ झिरपतो, आजारपणात जास्त. खरं दुखणं छातीत होतं. कानाशी धरलं तर अण्णांच्या रेडिओचं स्टेशन हललं की व्हायची ना, तशी खरखर.

डॉक्टर शोधण्यात तीन दिवस गेले. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण उंदीर म्हटलं की पलीकडे फोनवर शांतता. शेवटी ठाण्याला एक बाई सापडल्या. जुन्या डब्याच्या पिशवीला भोकं पाडून लोकलने नेलं. शेजारच्याने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, ससा. परळच्या पोराची काय ही अवस्था! दवाखान्यात दोन लॅब्रेडॉर, एक पर्शियन मांजर आणि मी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेटचं नाव?" ठमी. "ब्रीड?" उंदीर. तिने पेन खाली ठेवलं.

बाई मात्र शांत. म्हणाल्या, मायकोप्लाझ्मा. बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात हा जंतू मुक्कामालाच असतो, पुरता कधी जात नाही, दाबून ठेवायचा. डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन अशी दोन अँटिबायोटिक्स लिहून दिली. चिठ्ठी खिशातच ठेवून मी स्टेशनबाहेरच्या मेडिकलवाल्याला म्हणालो, "उंदराचं औषध द्या." तो मान वर न करता म्हणाला, "ते किराणावाल्याकडे. गोळ्या नका घेऊ, केक घ्या, एका रात्रीत साफ." आता काय बोलणार? मराठीत उंदराच्या औषधाचा दुसरा अर्थच नाही. खोकल्याचं औषध खोकल्यावर, उंदराचं औषध उंदरावर.

तेव्हापासून दिवसातून दोनदा माझी परेड. सकाळी सुनीताच्या स्वयंपाकाच्या काट्यावर वजन, कारण डोस वजनावर. जूनमध्ये २८० ग्रॅम होती, आज २४१. मग १ मिलीच्या सिरिंजची सुई काढून औषध तोंडात. औषध कडू जहर, ती थुंकणार, मी पुसणार. पहिल्या आठवड्यात मी हुशारी करून ते श्रीखंडात कालवून दिलं. बाई अशा तापल्या! दुधातल्या कॅल्शियमने डॉक्सिसायक्लिन बांधलं जातं, पुरतं अंगी लागत नाही. म्हणजे आठवडाभर मी तिला औषध कमी आणि श्रीखंड जास्त चारलं. तीही रोज वेळेवर दारात हजर असायची, तेव्हाच संशय यायला हवा होता. आता पिकलेल्या केळ्यात देतो.

संध्याकाळी वाफ. ऋतू लहान असतानाचा नेब्युलायझर माळ्यावरून काढला, आईच्या पिठाच्या डब्याला भोक पाडून नळी आत घातली, आणि ठमीला त्यात पंधरा मिनिटं बसवायचं. आई दोन दिवस बोलली नाही. डब्यासाठी नव्हे रे, धुपासाठी. अत्तर, उदबत्ती, धूप, डांबरगोळ्या, सगळं मी बंद केलंय, हिच्या फुप्फुसांना सोसत नाही. सुताराकडून फुकट भुसा आणायचो तोही बंद, देवदाराच्या वासानेसुद्धा त्रास होतो म्हणे. आता पेपरच्या पट्ट्या, आणि त्याही रोज बदलायच्या, मुताच्या वासाने छाती बिघडते. पण गणपती बुधवारी येतायत आणि आई विचारते, धुपाशिवाय आरती कशी? मी म्हटलं, त्याचंच वाहन आजारी आहे, तो समजून घेईल. "वाहन आजारी असेल तर गॅरेजला ने," म्हणाली. ही तीच बाई, जिने मोरीत पोळपाटाने एकाच फटक्यात दोन मारले होते. आता रात्री पिंजऱ्याशी बसून अथर्वशीर्ष म्हणते आणि मी आलो की फुलं निवडल्याचं नाटक करते.

तू मात्र ठमीला बघायला बोलावू नकोस हं. तुझ्या कॅनडातल्या अल्बर्टात उंदीर पाळणं गुन्हा आहे, ऋतूने शोधून काढलं. १९५० पासून तुमच्या सरकारने सरहद्दीवरच उंदीर रोखलेत. जगभरातले सगळे प्रांत सोडून तू, बाळकृष्ण, उंदरांचा वकील, नेमका तिथे जाऊन घर बांधतोस! उंदीर मारायची नोकरी करणाऱ्या आपल्या तात्यांना कळलं असतं तर काठी-बॅटरी घेऊन कॅलगरीला नोकरी मागायला आले असते, आणि गोणपाट रिकामं बघून रडत परतले असते.

आता खरं काय ते. महिन्यापूर्वी पुढच्या पायाखाली सुपारीएवढी गाठ लागली. आज लिंबाएवढी आहे. उंदरिणींत स्तनाच्या गाठी फार, बहुतेक साध्याच असतात, पण वाढत राहतात. एरवी कापून काढतात. हिची छाती अशी, की भूल दिल्यावर उठेल याची बाई खात्री देत नाहीत. नाही काढली तर ती ओढत चालणार, आणि चालतेच आहे. तिसरा रस्ता कायमचं झोपवायच्या इंजेक्शनचा. शनिवारी या, म्हणाल्या, तोवर ठरवा. ऋतूची परीक्षा चालू आहे. फोनवर रडली आणि म्हणाली, "बाबा, तिला त्रास होऊ देऊ नकोस. तू ठरव."

मी ठरव! बाळ्या, बोलता बोलता बाई सहज म्हणाल्या, उंदराला उलटी होत नाही, म्हणून तर विष लागू पडतं. आणि मला एकदम नळाजवळचं पिंप दिसलं.

तुझी पाळी असायची तेव्हा तू पिंजरा घेऊन मिलच्या भिंतीपलीकडे जायचास, आणि उंदीर तुझ्याआधी घरी पोचायचा. माझी पाळी असली की पिंजरा पिंपात, वर दगड, आणि मी दात घासायला. बुडबुडे थांबले की चूळ भरायची. कुणाला काही वाटायचं नाही. वाटणार कसं? आपल्या चाळी ज्या ट्रस्टने बांधल्या तो ट्रस्टच १८९६ च्या प्लेगनंतर निघाला, आणि प्लेगची लस काढणारं हाफकिन हाकेच्या अंतरावर. उंदीर मारणं म्हणजे केर काढणं.

लांड्या आठवतो? विसरशील कसा. गिरण्यांच्या संपाचं वर्ष, अण्णा घरी बसलेले, तुमच्याकडे एक वेळची चूल, आणि तू त्या शेपूटतुटक्याला तुझ्या भाकरीतला तुकडा द्यायचास. मग तुला मलेरिया झाला आणि नेमका तेव्हाच तो आमच्या पिंजऱ्यात सापडला. गोधडीतून तू म्हणालास, "सुध्या, शपथ घे, भिंतीपलीकडे सोडशील." मी शपथ घेतली. सकाळी ग्राउंडवर मॅच होती, उशीर झाला होता. भिंत लांब होती, पिंप जवळ होतं.

पुढच्या महिन्यात तू गॅलरीतून ओरडलास, "लांड्या परत आला!" कुठला तरी दुसराच होता, शेपूट अर्धी असलेला. मी म्हटलं, हो रे, तोच. वर तुझ्याकडून एक कुल्फी उकळली. त्रेचाळीस वर्षं ही गोष्ट मी सांगितलेली नाही. तुझ्या लग्नात दारू प्यायलो तेव्हा तोंडाशी आली होती, पण तू बॅटवरून भांडण काढलंस. (ती बॅट मी मोडली नव्हती. ते अजूनही सांगतो. ते पक्याने केलं.)

आता हीच बोटं तिचे श्वास मोजतात. कुशीवर हात ठेवायचा, पंधरा सेकंद मोजायचे, अठ्ठावीसपर्यंत ठीक. कानामागे खाजवलं की दात करकर वाजवते आणि डोळे आतबाहेर करते. आईने झटका समजून कांदा धरला होता नाकाशी. पण ते तिचं खुशीचं लक्षण. काल रात्रीही केलं तिने, गाठ घेऊन, खरखरत्या छातीने. मग मी शनिवारी पिशवी उचलू कशी? आणि नाही उचलली तर ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? सुनीता म्हणते, उंदीर आहे, माणूस नाही. बरोबर आहे तिचं. तरी तीच केळं कुस्करून ठेवते.

तुझं काय? गारांनी छप्पर फोडलं होतं त्याचे इन्शुरन्सवाल्यांनी दिले का पैसे? वहिनींची बदली, अद्वैतचं कॉलेज, सगळं लिही. अण्णांच्या वर्षश्राद्धाला येतोयस ना? येताना मला काही आणू नको, आईला तो मेपलचा पाक आण, मागचा तिने देवालाही दिला नाही.

शुक्रवारी रात्री फोन कर. तुमची सकाळ असेल. लांड्याबद्दल जे बोलायचं ते आधी बोल, मी ऐकून घेईन. मग शनिवारचं सांग.

तुझा,
सुध्या

ता.क. हे सगळं उजव्या हाताने लिहिलंय, डावा हलवता येत नव्हता. फोटो काढून पाठवतोय, अक्षर लागलं नाही तर झूम कर. आत्ता मोजले. पंधरा सेकंदांत बत्तीस.