धाब्यातून (मातीच्या सपाट छतातून) काढलेल्या धुराड्याची तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: लोखंडी चुलीच्या धोकादायक फिटिंगबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची धुराड्याची लोखंडी चूल आम्ही दिवाळीआधी जळगावच्या विक्रेत्याकडून फिटिंगसह घेतली. पावतीवर चूल आणि फिटिंग यांची रक्कम एकत्र लिहिलेली आहे. त्यामुळे "फिटिंगवाला कंपनीचा माणूस नाही, त्यालाच विचारा" हे आपल्या कार्यालयाचे उत्तर मला मान्य नाही. चूल चांगली आहे. पत्रा जाड आहे, दार घट्ट लागते, लाकूडही कमी लागते. तक्रार आहे ती चूल घरात बसवली कशी याची. त्यापायी आमचे छत पेटता पेटता वाचले.

आमचे घर यावल तालुक्यात, धाब्याचे. सागाचे सरे, त्यावर कड्या, फळ्या आणि वर मातीचा थर. घरात गॅस आहे, पण खापरावरचे मांडे घरगुती शेगडीवर धड होत नाहीत, आणि शेतातल्या पऱ्हाट्या, तुरखाट्या, बाभळीच्या फांद्या आयत्याच असतात. जुन्या चुलीचा धूर साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून जायचा. तोही निम्मा साण्यातून आणि निम्मा सासूबाईंच्या डोळ्यांत. म्हणून तर धुराड्याची चूल घेतली. छत लाकडी आहे हे विक्रेत्याला आधी सांगितले होते. "आमच्या माणसाला सवय आहे, काळजी करू नका," असे तो म्हणाला. 'आमच्या' हा शब्द त्याचाच.

त्या माणसाने धाब्याला पाइपापुरतेच भोक पाडले. एकेरी पत्र्याचा पाइप कडीला जवळजवळ घासून वर काढला, उरलेल्या फटीत सिमेंटची रिकामी गोणी कोंबली आणि वरून गिलावा मारून टाकला. खालून पाहिले तर काम अगदी नीटनेटके! काही आठवड्यांनी स्वयंपाकघरात प्लास्टिक जळाल्याचा वास येऊ लागला. माझ्या भाच्याने गिलावा फोडून पाहिले, तेव्हा गोणी वितळून पाइपाला चिकटलेली होती आणि कडीची एक बाजू कोळशासारखी झाली होती. भाचा आयटीआयला वेल्डिंग शिकला आहे. त्याच्या जे लक्षात आले ते आपल्या फिटरच्या लक्षात येऊ नये?

अमेरिकेतील एनएफपीए २११ या अग्निसुरक्षा मानकात एकेरी पत्र्याचा पाइप आणि जळू शकणारी वस्तू यांत साधारणपणे १८ इंच अंतर सांगितले आहे. आणि लाकडी छतातून तर एकेरी पाइप नेऊच नये. तिथून पुढे मधे उष्णतारोधक थर असलेले दुहेरी धुराडे लागते. आमच्याकडे एक इंचही सोडलेला नाही. लाकूड पहिल्या दिवशी पेटत नाही, हीच यातली फसवी गोष्ट आहे. रोज तापून तापून ते आतून करपत जाते आणि पुढे कमी उष्णतेलाही पेट घेऊ शकते. वास आला नसता तर आम्ही तशाच चुलीवर स्वयंपाक करत राहिलो असतो.

बाकीच्या चुका थोडक्यात लिहिते. पाइपाचे जोड उलटे आहेत. वरच्या पाइपाचे टोक खालच्या पाइपाच्या आत बसायला हवे, म्हणजे धुरातला काळा चिकट रस आतल्या आत खाली येऊन जळतो. आमच्याकडे तो जोडांतून बाहेर गळतो. एकाही जोडाला स्क्रू नाही. छताखाली तीन वळणे आहेत, आणि आडवा पाइप चुलीकडून वर चढत जाण्याऐवजी मधेच झोल खातो. तिथे काजळी साचणार, आणि साचलेली काजळी पेटली की धुराड्यातच आग.

धुराड्याचे तोंड धाब्यापासून जेमतेम हातभर वर आहे आणि शेजारच्या माडीची भिंत त्याच्या अगदी जवळ. धुराडे छतापासून किमान ३ फूट आणि १० फुटांच्या आत असलेल्या कोणत्याही बांधकामापेक्षा २ फूट उंच असावे असा त्याच अमेरिकी मानकातला नियम आहे. तो न पाळल्यामुळे वारा सुटला की धूर उलटा घरात येतो. सासूबाईंना सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि गरगरणे सुरू झाले, तेव्हा मी रात्री चुलीत निखारे ठेवणे बंद केले. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

यावर आपल्या प्रतिनिधीने फोनवर दोन गोष्टी ऐकवल्या. पहिली, लाकूड ओले असेल. आमची बाभूळ गेल्या उन्हाळ्यात तोडून खळ्यात वाळवलेली आहे, आणि ओल्या लाकडाने धूर वाढेल, कडी कशी जळेल? दुसरी, चूल आयएस १३१५२ या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेली आहे. ते मानक उचलून हलवता येणाऱ्या चुलींचे आहे. आमची चूल जागेवर पक्की बसवलेली आहे आणि तिचा पाइप छतातून जातो. छतातल्या त्या भोकाची तपासणी कोणी केली, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. चुलीसोबत मराठी, हिंदी, इंग्रजी कोणत्याही भाषेत फिटिंगची मापे किंवा सूचना दिलेल्या नाहीत.

माझी मागणी अशी: जाणकार माणूस पाठवून सध्याचा पाइप काढावा, छतातून जाणारा भाग दुहेरी धुराड्याचा करावा, लाकडापासून योग्य अंतर सोडावे, तोंडाची उंची वाढवावी आणि जळालेली कडी कंपनीच्या खर्चाने बदलावी. काम झाल्यावर मापे लेखी द्यावीत. हे जमत नसेल तर चूल परत न्यावी आणि फिटिंगसह पूर्ण रक्कम व कडीचा खर्च द्यावा. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सदोष सेवा आणि अपुऱ्या सूचना या दोन्हींची दखल हा कायदा घेतो.

याच फिटरने आमच्या भागात आणखी काही घरी चुली बसवल्या आहेत. त्यातली बरीच घरे धाब्याची आहेत. आमचे काम आधी करा की नंतर, पण त्या घरांची छते या आठवड्यातच उघडून पाहावीत आणि तोवर तिथल्या चुली पेटवू नका असा निरोप द्यावा. पत्ते आपल्या विक्रेत्याकडे आहेत.

आपली ग्राहक,
(सही)
ता. यावल, जि. जळगाव

सोबत: पावतीची प्रत, जळालेली कडी, वितळलेली गोणी आणि धुराड्याचे तोंड यांचे फोटो