रातांबे आणि शाळेची घंटा

देवगड,
मे अखेर

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

रातांब्यांचं, कोकमाच्या फळांचं, काम काल आटोपलं. पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही, म्हणून चार दिवस मी आणि आजी मागच्या पडवीत बसून फोडत होतो. बिया आणि गर एका पातेल्यात, सालं दुसरीकडे. मग त्या रसात मीठ घालून सालं बुडवायची, उन्हात पसरायची, पुन्हा रसात घालायची. ते तुला नवीन नाही. नवीन एवढंच, की तू फोनमध्ये भरून दिलेल्या, कानाने ऐकायच्या विनोदी रहस्यकथा चारही दिवस शेजारी चालू होत्या. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

हात रसाने लाल आणि चिकट, त्यामुळे फोनला लावायची सोय नाही. एकदा सुरू केलं की भाग संपेपर्यंत थांबवता येत नाही. लहानपणी गावच्या वाचनालयातून रहस्यकथा आणली की मी शेवटचं पान आधी बघत असे. इथे तसं करता आलं नाही, आणि म्हणून इतकी मजा आली. वाचताना पुढच्या दोन ओळी डोळा आधीच टिपून घेतो, विनोद येण्याआधी कळतो. कानाला पुढचं दिसत नाही. वाचणारा श्वास घेतो, थांबतो, आणि आपणही हातात अर्धा फोडलेला रातांबा धरून थांबतो.

तुझ्या त्या शाळेच्या घंटेच्या चोरीच्या गोष्टीचंच घे. तू म्हणालास, 'ठीक आहे, लहान मुलांची आहे.' घंटा गेल्यामुळे मधली सुट्टी कधी व्हायची तेच कोणाला कळेना, तिथे आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तो गुडघे धरून चालणारा शिपाई. तिसऱ्या भागात मुलांचं बॅडमिंटनचं फूल कौलांवर अडकतं आणि तो 'मेलो, मेलो' करत वर चढून ते काढतो. वाचणाऱ्याने ते कण्हणं इतकं सुरेख केलंय की आम्ही हसत राहिलो. आजी मात्र हसता हसता म्हणाली, "ह्योच चोर."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! तो बिचारा हसवायला आहे."

"हसयता तोच चोर गो. संकासूर कोण होतो मगे?"

मी गप्प झाले. बाबू, दशावतार तूही पाहिला आहेस, पण जत्रेत पहाटेपर्यंत जागायचा नाहीस. सुरुवातीच्या भागात काळ्या वेषातला संकासूर येतो, मालवणीत बोलून सगळ्या गावाला हसवतो. वेद चोरणारा तोच! आजीने तो खेळ लहानपणापासून पाहिलेला. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात, त्यामुळे कोण कुठे थांबला, कोणी कुठला शब्द सहज टाकला, ते कानाने धरायची तिला सवय आहे. मला शिपायाचं कण्हणं ऐकू आलं. तिला ऐकू आलं, की गुडघे दुखणारा माणूस कौलांवर चढला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतं आहे. या गोष्टींतला चांगला लेखक महत्त्वाचा धागा विनोदाच्या आत लपवतो. आपण हसतो, तेवढ्यात तो निसटतो. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टींत ते लालमोहनबाबू आहेत ना, जटायू नावाने थरारक कादंबऱ्या लिहिणारे? त्यांच्या पुस्तकांतल्या चुका फेलूदा दाखवतो तेव्हा हसू येतंच, पण ते आले की माझं लक्षही तपासावरून उडतं. अशोक जैन यांनी मराठीत आणलेली ती पुस्तकं तू सातवीत किती वेळा वाचलीस! आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं ते 'ट्टॉक'. आम्ही भावंडं ते आपापल्या परीने काढायचो आणि कोणाचं बरोबर यावरून भांडायचो. कागदावरची अक्षरं ती, पण आवाजासाठीच लिहिलेली.

म्हणून तुझं परवाचं बोलणं मला लागलं. दीडपट वेगाने ऐकतोस म्हणे, दोन दिवसांत तीन पुस्तकं संपतात. अभ्यासाची व्याख्यानं तशी ऐक, माझी हरकत नाही. या गोष्टी तशा ऐकू नकोस. वेग वाढला की आधी ते थांबणंच जातं, आणि त्या थांबण्यातच विनोद असतो. शिपायाचं कण्हणं दीडपट वेगाने ऐकलं असशील तर तुला हसू कुठून येणार? त्याच फोनमध्ये ठरावीक वेळाने आपोआप बंद व्हायची सोय आहे. झोप लागत नाही म्हणालास, तर अर्ध्या तासाची वेळ लाव, दिवा घालव आणि साध्या वेगाने ऐक. परीक्षेपर्यंत एवढं कर.

आजीला छापील अक्षर आता दिसत नाही, पेपरातले मथळे तेवढे लागतात. या चार दिवसांत ती सकाळी माझ्या आधी पडवीत येऊन बसत होती. "लाव गो त्या पोरांचा," म्हणायची. तू हे भरून दिलंस, त्याचं मोल तुला इथे बसल्याशिवाय कळायचं नाही.

सोलं नीट वाळली की बाबांबरोबर पाठवते, आगळाची, त्या खारट रसाची, बाटलीही. काल दुसरी गोष्ट सुरू केली, बोटीवरच्या हरवलेल्या पोपटाची. चौथ्या भागापर्यंत आलो आहोत आणि तुझ्यासाठी तिथेच थांबलो आहोत. रविवारी रात्री जेवण झाल्यावर तू तिकडे पाचवा भाग लाव, आम्ही इकडे लावतो. आजीने चोराचं नाव आत्ताच सांगून टाकलंय. ते मी चिठ्ठीवर लिहून सोबत घातलं आहे. आठवा भाग संपेपर्यंत घडी उघडू नकोस.

तुझी,
आई