होलोकॉस्टच्या साक्षी वर्गात दाखवताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाझी जर्मनीने व्याप्त पोलंडमध्ये चालवलेली ऑशविट्झची छावणी २७ जानेवारी १९४५ रोजी मुक्त झाली. येत्या २७ जानेवारीला बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्या शाळा होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्यांच्या चित्रित साक्षी दाखवणार असतील, त्यांनी काळीज हलवणारे दोन-दोन मिनिटांचे तुकडे जोडू नयेत, ही कळकळीची विनंती. अशी साक्ष बहुधा दोन-अडीच तासांची असते आणि ती घर, शाळा, शेजारी इथून सुरू होते. तो भाग कापला की माणूस हरवतो, नुसता बळी उरतो. सलग वीस मिनिटे दाखवा; त्यातली पाच-सात युद्धापूर्वीची असू द्या. मराठी भाषांतर आधी छापून वाटा, पण चित्रफीत चालू असताना वरून वाचू नका. साक्षीदार कुठे अडखळते, कुठे गप्प होते, तेही मुलांच्या कानी पडले पाहिजे.

मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा: स्वतः पाहिलेले, तेव्हा कानावर आलेले, नंतर कळलेले. (सीमालढ्यातल्या ज्येष्ठांच्या आठवणी टिपणाऱ्यांनाही हे रकाने उपयोगी पडतील.) ७ ऑक्टोबर १९४४ रोजी ऑशविट्झमध्ये कैद्यांनी उठाव केला. येल विद्यापीठाच्या संग्रहातल्या एका बाईंच्या साक्षीत प्रेते जाळण्याच्या दाहगृहांची चार धुराडी उडाल्याचे येते; प्रत्यक्षात एकच दाहगृह उद्ध्वस्त झाले. तेवढ्यावरून ती साक्ष खोटी ठरवणे चूक आहे. आकडे गाड्यांच्या नोंदींशी, हद्दपारीच्या याद्यांशी ताडून घ्यावेत. तिथे कुणी उलटून उभे राहू शकते, हे त्या बाईंनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते कुठल्याच यादीत मिळणार नाही.

कागदही अपुरेच आहेत. हातावर क्रमांक गोंदवत ते फक्त ऑशविट्झमध्ये, तेही कामासाठी निवडलेल्यांनाच. १९४४ च्या मे ते जुलैत हंगेरीतून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यू हद्दपार झाले, बहुतेक ऑशविट्झला. त्यांतल्या बहुसंख्यांना उतरल्या उतरल्या विषारी वायूच्या कोठड्यांत नेले; छावणीच्या दप्तरी त्यांची नावेही चढली नाहीत. आईचा हात नेमका कुठे सुटला, हे वाचलेली मुलगीच सांगू शकते.

जे वाचलेच नाहीत त्यांचेही काही ऐकवा. वॉर्साच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपणे, पत्रे, घेटोतले कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले. १९४६ आणि १९५० मध्ये त्यांतले दोन साठे उकरून काढले गेले.

‘तू कैदी, तू पहारेकरी’ असली नाटुकली वर्गात कृपया घेऊ नयेत, आणि आठवीच्या खालच्या मुलांना या चित्रफिती दाखवू नयेत.

आपले,
इतिहास शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)