खुराड्याची तार: पशुसंवर्धनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

३ जून २०२० ला सकाळी अकराच्या सुमारास आमच्या वाडीवर एवढं अंधारून आलं की कोंबड्या आपण होऊन खुराड्यात चढल्या. कोंबडीला घड्याळ नसतं, उजेड गेला की तिची रात्र. मला हायसं वाटलं, म्हटलं पकडापकडी वाचली. बाहेरून कडी घातली आणि घरात आले. ती कडी घातली नसती तर निम्म्या तरी वाचल्या असत्या, असं मला आजही वाटतं.

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीतली. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी आमच्या उत्तरेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर आणि मध्येच त्याहूनही जोराचे झोत. आमचं खुराडं लाकडाचं, चार पायांवर उभं, वर पत्रा, तोंड पूर्वेला. आमच्याकडे बहुतेकांच्या खुराड्याचं तोंड पूर्वेलाच असतं, कारण पावसाळ्यातली झड समुद्राकडून येते. सासूबाईंच्या सासूबाईंपासून हेच चालत आलंय आणि एरवी ते बरोबरच आहे. पण हे वादळ नैर्ऋत्येकडून वर सरकत होतं, आणि वादळाचा वारा आपल्याकडे घड्याळाच्या उलट फिरतो. त्यामुळे पहिला तडाखा आला तो समुद्राकडून नाही, डोंगराकडून. थेट जाळीत. जाळीतून आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट नव्हती, त्याने पत्रा आतून उचलला. पत्रा गेला, पाठोपाठ अख्खं खुराडं उलटलं आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन आपटलं. मी खिडकीतून बघत होते. दार उघडायची सोय नव्हती, आमचे हे दाराला पाठ लावून उभे होते.

तेवीस कोंबड्या होत्या. संध्याकाळी अकरा मेलेल्या सापडल्या, चार जिवंत, बाकीच्यांचा आजतागायत पत्ता नाही. एक खुडूक, म्हणजे अंडी उबवणारी कोंबडी, मात्र पडवीत टोपलीत बसवलेली होती, ती या तेवीसात धरलेली नाही. पडवीची कौलं उडाली, ती चिंब भिजली, पण अंड्यांवरून उठली नाही. ती वाचली. अंडी गार पडली होती, एकातूनही पिल्लू निघालं नाही. पुढे चार दिवस ती रिकाम्या टोपलीवर बसून होती.

पंचनाम्याला माणसं आली तोवर बरेच दिवस गेले होते. त्यांचाही दोष नाही, रस्त्यांवर झाडं आडवी, वीज नाही, फोन नाही. पडलेला माड महिनाभर पडूनच राहतो, तो मोजता येतो. पोफळी मोजता येतात. मेलेली कोंबडी जून महिन्यात दुसऱ्या दिवशी घरात ठेवता येत नाही. मी त्याच रात्री खड्डा काढून चुना टाकून पुरल्या. मग प्रश्न आला, मेलेल्या कुठे आहेत? फोटो आहे का? ज्या घरात चार दिवस मोबाईल चार्ज झाला नव्हता त्या घरात कोंबडीचा फोटो! आमच्या कागदावर कोंबड्यांच्या रकान्यात रेघ पडली.

रेघ पडली नसती तरी काय मिळणार होतं, तेही लिहिते. आपत्ती मदतीच्या निकषांत तेव्हा एका पक्ष्याला ५० रुपये होते, एका कुटुंबाला जास्तीत जास्त ५,००० रुपये. २०२२ नंतरच्या निकषांत ते १०० रुपये आणि १०,००० रुपये झाले. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, शेळीला ४,००० रुपये. आमच्या बाजारात गावठी कोंबडा पाचशेच्या खाली कुणी देत नाही, आणि अंड्यावर आलेली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, तर विकायला कुणी काढतच नाही. निकष केंद्राचे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण निसर्गच्या वेळी घरांना आणि बागांना राज्याने पदरची भर घालून मदत वाढवली होती. तशी कोंबडीलाही घालता आली असती. कुणाच्या मनात आलं नाही, एवढंच. कदाचित कोंबड्या बाईमाणसाच्या असतात म्हणून असेल. आंब्याचा पैसा घरात येतो तो पुरुषाच्या नावावर, अंड्यांचा पैसा माझ्या डब्यात.

पुराव्याची अडचण खरं तर सोपी आहे. आमच्या कोंबड्या सरकारला माहीत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली जवळपास ३२ कोटी परसातली, आणि २०१२ च्या मानाने परसातल्यांची वाढ ४६ टक्क्यांच्या आसपास. २१ व्या पशुगणनेचा प्रगणक तर मोबाईल घेऊन आला आणि कोंबडे किती, कोंबड्या किती, सगळं टिपून घेऊन गेला. गाईच्या कानाला बिल्ला असतो, कोंबडीच्या कुठे मारणार? मग हीच नोंद धरा. नाहीतर दरवर्षी मे महिन्यात ग्रामपंचायतीत एक वही ठेवा, त्यात ज्याने त्याने आपापल्या कोंबड्यांचा आकडा लिहून सही करावी. वादळानंतर मढी मागू नका, वही बघा.

आता मुद्द्याचं. मला भरपाईपेक्षा खुराडं जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या खात्याच्या योजनेत ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर असा गट मिळतो. त्या खर्चात रात्रीच्या निवाऱ्याचीही रक्कम धरलेली असते. तो निवारा कसला असावा, हे किनारपट्टीपुरतं तरी ठरवून द्या. चार पायांवरचा, वर सुटा पत्रा ठोकलेला पिंजरा आमच्याकडे म्हणजे पतंग आहे.

मी काय केलं ते सांगते. चिरे आमच्याकडे घरोघरी उरलेले असतात. जांभ्याच्या चिऱ्याच्या कमरेएवढ्या भिंती घातल्या, माडांपासून लांब (शेजारच्या काकूंचं खुराडं वाऱ्याने नाही, फणस पडून गेलं). पत्रा बाहेर वीतभरही काढला नाही, कारण वाऱ्याला पकडायला तोच भाग सापडतो. आणि पत्र्यावरून जाड तार घेऊन ती दोन्ही बाजूंनी भिंतीच्या सगळ्यात खालच्या थराखालून काढली. म्हणजे पत्रा उडायचा तर वाऱ्याने अख्खी भिंत उचलली पाहिजे. जाळीला दोन्हीकडे झडपा केल्या, वारा जिकडून असेल तिकडची लावायची. गवंडी हसला होता. म्हणाला, वहिनी, कोंबड्यांना बंगला!

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून समुद्रातून वर गेलं, तेव्हा पत्रा जागच्या जागी राहिला. कोंबड्या मात्र मी त्यात ठेवल्या नव्हत्या. एकदा तोंड भाजलं होतं. आदल्या संध्याकाळीच सगळ्या न्हाणीघरात नेल्या, खाली कोरडं तूस, पिल्लांवर डालगं आणि डालग्यावर गोणपाट. कोंबड्याने पहाटे तीनपासून न्हाणीघरात बांग दिली, घरात कुणाचा डोळा लागला नाही. पण एकही पक्षी गेला नाही.

हे कुणी आधी सांगितलं असतं तर? वादळाआधी मोबाईलवर संदेश येतात. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, कच्च्या घरांतल्यांनी सुरक्षित जागी जावं, गुरं सोडून ठेवावी. त्यातच एक ओळ घाला की कोंबड्या खुराड्यात कोंडू नका, पक्क्या भिंतीच्या आत घ्या, तूस आणि दाणा कोरडा ठेवा. एक ओळ.

आणखी एक, लसीचं. वादळात वाचलेल्या चारांपैकी दोन पुढच्या पंधरवड्यात मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने गेल्या. भिजलेली, उपाशी, घाबरलेली कोंबडी राणीखेतला लगेच बळी पडते, आणि तेव्हाच वीज नसल्याने फ्रीजमधली लसही कामाची राहत नाही. म्हणजे लस मेमध्येच टोचून झाली पाहिजे. आता लसीची बाटली येते शंभर पक्ष्यांची, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि एका घरात कोंबड्या पंधरा-वीस. एकटीदुकटी बाई शंभराची बाटली फोडणार कशी? मेच्या एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, वाडीवाडीत माणूस पाठवा. पाच-सहा घरांत बाटली संपते. दिवसा पाठवू नका, दिवसा कोंबडी हाताला लागत नाही.

खुराड्याचं माप आणि तारेची आकृती वहीच्या कागदावर काढून सोबत जोडली आहे. गवंड्याने दोन ठिकाणी दुरुस्ती केली आहे, ती लाल पेनातली.

आपली,
एक कोंबडीवाली
ता. दापोली, जि. रत्नागिरी